संगीतनिर्मितीत सर्जनाधारित पीएचडी : पहिल्या प्रश्नापासून तोंडी परीक्षेपर्यंत

स्टुडिओत पंधरा-वीस वर्षे काढलेला ध्वनिमुद्रक किंवा संगीतनिर्माता पीएचडीची चौकशी करू लागतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : आजवर केलेल्या कामावर ही पदवी मिळेल का? याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. काही ब्रिटिश विद्यापीठांत पूर्वी प्रकाशित झालेल्या कामाच्या आधारे पीएचडी देण्याची सोय आहे, पण ती बहुतांशी त्या विद्यापीठाचे अध्यापक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुरती असते. इतरांना नवा प्रश्न घेऊन नवे काम करावे लागते. त्या कामाची पारख करताना मुद्रण किती सुरेख झाले एवढेच पाहिले जात नाही. त्या मुद्रणातून इतरांच्या उपयोगी पडेल असे कोणते नवे ज्ञान हाती आले, हे पाहिले जाते.

या लेखात मी मुख्यतः ब्रिटनमधील पद्धत डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण संगीतनिर्मिती हा स्वतंत्र संशोधनविषय म्हणून तिथे चांगला रुजला आहे. भारतातील नियमांचा संबंध जिथे येतो तिथे तेही सांगितले आहेत.

पदवीचे स्वरूप

सर्जनाधारित पीएचडीला, म्हणजे स्वतःच्या कलानिर्मितीतून केलेल्या संशोधनाच्या पदवीला, तिकडे ‘प्रॅक्टिस-बेस्ड पीएचडी’ म्हणतात. तिचा पाया जुना आहे : स्वररचनेच्या पीएचडीसाठी रचनांचा संग्रह आणि सोबत लेखी भाष्य सादर करण्याची प्रथा ब्रिटिश विद्यापीठांत आधीपासून होती, आणि पुढे तीच सोय दृश्यकला, नृत्य, नाट्य आणि ध्वनिमुद्रण यांना मिळत गेली. १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचे संशोधन, कलेतून होणारे संशोधन आणि कलेसाठी केलेले संशोधन असे तीन प्रकार वेगळे केले. २००६ मध्ये लिंडा कँडी यांनी आणखी एक उपयुक्त भेद मांडला. ज्ञानात पडणारी भर कलाकृतीच्या आधाराने उभी असेल, तर ते संशोधन ‘प्रॅक्टिस-बेस्ड’. आणि संशोधनातून मुख्यतः त्या कामाच्या पद्धतीविषयीची समज वाढत असेल, तर ते ‘प्रॅक्टिस-लेड’. अर्ज भरताना या दोहोंतील कोणता शब्द वापरायचा हे विचारपूर्वक ठरवावे, कारण पहिल्या प्रकारात परीक्षकांना मुद्रण ऐकल्याशिवाय प्रबंध पुरता समजू शकत नाही, तर दुसऱ्या प्रकारात तो केवळ वाचूनही समजला पाहिजे.

मुद्रणाच्या निर्णयातून संगीताविषयीचे ज्ञान कसे निर्माण होते, याविषयी शंका असेल तर आपल्याच इतिहासाकडे पाहावे. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांनी तबकडीसाठी गायला सुरुवात केली, तेव्हा रागाचा विस्तार कुठे आखडायचा, बंदिशीतले काय ठेवायचे आणि तान किती लांबवायची, हे निर्णय यंत्राच्या मर्यादेतून घ्यावे लागले. त्या निर्णयांत ख्यालाच्या बांधणीविषयीचे बारीक ज्ञान होते, पण ते कोणी लिहून ठेवले नाही. आज आपल्याला ते तबकड्या ऐकून तर्काने उकलावे लागते. सर्जनाधारित पीएचडीचे काम म्हणजे असे निर्णय घेणे, घेतानाच ते नोंदवणे आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने मांडणे.

प्रश्न शोधणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. अर्ज बाजूला पडतो तो बहुधा प्रश्न कच्चा असल्यामुळे; अर्जदाराचे कसब त्यापूर्वी कोणी फारसे तपासतही नाही. ‘मराठी लोकसंगीत आणि आधुनिक तंत्रज्ञान यांचा संगम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयापासून प्रश्नापर्यंत कसे पोहोचावे हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू, आणि तेच उदाहरण पुढेही वापरू.

समजा, आपल्याला वारीतील दिंडीचे भजन मुद्रित करायचे आहे. दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा असतात, मृदंग त्यांच्यामध्ये वाजतो, वीणेकरी असतो, आणि सगळेच चालत असतात. बाजारात मिळणारी बहुतेक अभंगमुद्रणे मात्र वेगळेच चित्र उभे करतात : एक गायक मधोमध, मागे वाद्ये आणि सर्वांवर मोठ्या सभागृहाचा घुमारा. म्हणजे ऐकणारा रंगमंचासमोरच्या खुर्चीत बसवला जातो. प्रत्यक्ष दिंडीत चालणाऱ्याला स्वतःचे टाळ सर्वांत मोठे ऐकू येतात, शब्द शेजाऱ्याच्या तोंडून येतात, मृदंगाची धूम पायांशी जाणवते, आणि उघड्या रस्त्यावर भिंती नसल्यामुळे घुमारा जवळजवळ नसतोच. यातून प्रश्न असा बांधता येतो : ‘चालत्या दिंडीच्या भजनाचे मुद्रण ऐकणाऱ्याला दिंडीच्या आत उभे करू शकते का, आणि त्यासाठी अभंगनिर्मितीतील कोणते रूढ संकेत सोडावे लागतात?’

या प्रश्नाला दोन कसोट्या लावून पाहाव्यात. केवळ वाचून किंवा मुलाखती घेऊन त्याचे उत्तर मिळेल का? मिळत नाही, कारण टाळांचा तीव्र झणत्कार प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शब्दांतील व्यंजने झाकून टाकतो, ही अडचण कशी सुटते ते केल्याशिवाय कळत नाही. आणि उत्तर ‘माझे मुद्रण चांगले झाले’ एवढ्यावर संपते का? तसेही नाही, कारण कोणते संकेत सोडता येतात आणि कोणते सोडले की ऐकणारा गोंधळतो, हे दुसऱ्या ध्वनिमुद्रकाला धनगरी ओव्या किंवा गोव्यातील मिरवणुकीचे संगीत मुद्रित करतानाही उपयोगी पडू शकते. पहिल्या कसोटीवर उतरणारा प्रश्न कामावर आधारलेला ठरतो आणि दुसरीवर उतरणारा संशोधनाचा ठरतो. दोन्ही कसोट्या पार करणारा प्रश्न सापडेपर्यंत अर्ज पाठवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्नाचा आवाकाही मोजून घ्यावा. तीन किंवा चार वर्षांत एकच माणूस साधारणपणे तीन ते पाच मुद्रणप्रकल्प नीट तडीस नेऊ शकतो. इथे आषाढी वारी धरली आहे. त्यामुळे या उदाहरणात प्रत्यक्ष दिंडीतील मुद्रणाची संधी वर्षातून एकदाच मिळणार, आणि एक आषाढ पावसात किंवा परवानगीत वाया जाऊ शकतो, हे वेळापत्रकात धरूनच आखणी करावी लागेल.

आधीचे संशोधन वाचणे आणि ऐकणे

भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर पाहता येतात. ब्रिटिश प्रबंधांसाठी ब्रिटिश लायब्ररीची ‘ईथॉस’ सेवा वापरली जात असे, पण ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ती बंद पडली; तेव्हा प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑनलाइन प्रबंध-भांडारात शोध घेण्याची सवय लावून घ्यावी. ‘रिसर्च कॅटलॉग’ या खुल्या संग्रहात ध्वनी, चित्र आणि मजकूर एकत्र मांडलेली कलासंशोधने आहेत, आणि आपले काम कसे मांडता येईल याच्या कल्पना तिथे मिळतात. संगीतनिर्मितीच्या अभ्यासकांची ‘आर्ट ऑफ रेकॉर्ड प्रॉडक्शन’ ही परिषद २००५ मध्ये लंडनला सुरू झाली. तिच्यातील निबंध चाळले की या क्षेत्रात कोणते वाद चालू आहेत ते लवकर कळते.

या प्रकारच्या पीएचडीत पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा अर्धा भाग ऐकण्याचा असतो, आणि हाच भाग अर्जदार विसरतात. आपल्या प्रश्नाशी नाते सांगणारी वीस-पंचवीस मुद्रणे निवडावीत आणि प्रत्येकाविषयी ठरावीक बाबी लिहून काढाव्यात : आवाज कुठे उभा आहे, डावी-उजवी रुंदी किती आहे, घुमारा कोणत्या प्रकारच्या जागेचा वाटतो, ताल किती जवळ आहे, शब्द कुठे हरवतात. ‘उबदार’, ‘खुला’, ‘भरदार’ असे शब्द स्टुडिओत चालतात. इथे त्या शब्दांमागे कानाला नेमके काय होते, ते सांगावे लागते.

मार्गदर्शक आणि विद्यापीठ

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे काम आधी पाहावे. हडर्सफील्ड विद्यापीठ, वेस्ट लंडन विद्यापीठाचे लंडन कॉलेज ऑफ म्युझिक, वेस्टमिन्स्टर आणि यॉर्क येथे संगीतनिर्मिती व संगीततंत्रज्ञान यांत संशोधन चालते. सरे विद्यापीठाचा टोनमाइस्टर, म्हणजे संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचा एकत्र अभ्यासक्रम १९७० पासूनचा आहे आणि तिथला कल ध्वनिविज्ञानाकडे अधिक आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील ध्वनिकला संशोधन केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. अवकाशीय ध्वनीचा, म्हणजे ऐकणाऱ्याभोवती सर्व बाजूंनी पसरलेल्या आवाजाचा प्रश्न असेल तर ते पाहण्याजोगे आहे. ब्रिटनबाहेर हेलसिंकीची सिबेलियस अकादमी आणि बेल्जियममधील गेंट येथील ऑर्फियस इन्स्टिट्यूट कलाधारित डॉक्टरेटसाठी ओळखल्या जातात, पण तिथला भर वादन, गायन आणि स्वररचना यांवर अधिक आहे.

मार्गदर्शकाला पाठवायचे पहिले पत्र एका पानाच्या आत असावे. त्यात आपला प्रश्न दोन वाक्यांत, त्यांच्या कोणत्या लेखनाशी किंवा कामाशी तो जोडलेला आहे हे एका वाक्यात, आणि आपल्या कामाचे दोन नमुने ऐकण्यासाठी दुवा इतकेच द्यावे. सगळी कारकीर्द पत्रात ओतू नये. उत्तर आल्यावर संशोधन-आराखडा मागितला जातो. तो बहुधा हजार ते दोन हजार शब्दांचा असतो. त्यात प्रश्न, आधीचे संशोधन व मुद्रणे, कामाची पद्धत, कोणकोणती मुद्रणे सादर करणार त्याची यादी, नैतिक मुद्दे आणि वर्षवार वेळापत्रक यावे. आराखड्यात उपकरणांची यादी देण्याचा मोह पुष्कळांना होतो. मायक्रोफोनचे नाव तिथे फक्त त्याच्या निवडीमागे कारण असेल तरच घालावे.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पहिली, मुद्रणसंग्रह आणि लेखी भाष्य यांचे प्रमाण काय. नेहमीच्या प्रबंधाची मर्यादा अनेक ठिकाणी ८० हजार ते १ लाख शब्द असते. सर्जनाधारित प्रबंधात ती पुष्कळ ठिकाणी ३० ते ४० हजारांवर येते, पण हा नियम विद्यापीठागणिक बदलतो. दुसरी, संशोधक विद्यार्थ्याला स्टुडिओ आठवड्यातून किती तास आणि कोणत्या वेळी मिळतो. पदवीच्या विद्यार्थ्यांची सत्रे चालू असताना संशोधकाला रात्रीचे तास मिळणे नवे नाही. तिसरी, दुसरा मार्गदर्शक कोण असेल. दिंडीच्या प्रश्नाला ध्वनितंत्राचा जाणकार एकटा पुरणार नाही, भारतीय संगीताचा किंवा लोकसंगीताचा अभ्यासकही लागेल.

भारतातच पीएचडी करायची असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली लागू होते. पदव्युत्तर पदवीत साधारणपणे ५५ टक्के गुण, किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम, किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, आणि किमान दोन बाह्य परीक्षक अशी तिची चौकट आहे. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती तिने काढून टाकली. ही नियमावली लेखी प्रबंध गृहीत धरूनच लिहिलेली आहे, त्यामुळे मुद्रण हा प्रबंधाचा मूल्यमापनयोग्य भाग ठरेल की नुसते परिशिष्ट, हे त्या विद्यापीठाच्या संशोधन समितीकडून लेखी घ्यावे. परदेशी पदवी घेऊन इथे अध्यापन करायचे असेल, तर समकक्षतेसाठी आयोगाची २०२५ ची स्वतंत्र नियमावली प्रवेशापूर्वीच वाचावी.

पैसा आणि व्हिसा

ब्रिटनच्या संशोधन परिषदांची शिष्यवृत्ती २०२५-२६ साठी वर्षाला किमान २०,७८० पौंड होती आणि तिच्यात शुल्काचाही भाग असतो. २०२१ पासून ती परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली झाली, पण एका वर्षाच्या निवडीत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवले जाते, आणि देशी व परदेशी शुल्कातला फरक विद्यापीठ भरून काढील का, हे वेगळे विचारावे लागते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट तिथे कसून पाहिली जाते, आणि संगीतनिर्मितीत नावाजलेली अनेक विद्यापीठे त्या क्रमवारीत खाली असतात, म्हणून आधी यादी तपासावी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळण्यात आले. दिंडीचा प्रश्न घेऊन जाणाऱ्याला ही अट थेट आडवी येते, आणि अशा अभ्यासकांवर तो अन्यायच आहे असे मला वाटते.

व्हिसाविषयी एक गोष्ट संगीतनिर्मात्यांना उशिरा कळते आणि महागात पडते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वयंरोजगाराला मनाई आहे, आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करण्यालाही. आपला बहुतेक व्यवसाय सुटी कामे घेऊनच चालतो. तेव्हा लीड्समध्ये बसून मुंबईच्या ग्राहकाचे मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून एकत्र करण्याचे काम) करून खर्च भागवू, असा हिशेब मांडू नये. शंका असेल तर विद्यापीठाच्या व्हिसा-सल्लागारांकडून लेखी उत्तर घ्यावे. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. चार वर्षांचे धरले तरी ३,१०४ पौंड होतात. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंबीय आणण्याची मुभा राहिली नाही, मात्र पीएचडी करणाऱ्यांची ती कायम आहे. पदवीनंतर पीएचडीधारकाला तीन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यावर स्वयंरोजगार चालतो.

पहिले वर्ष : नोंदवही

आता मुख्य कामाकडे येऊ. पहिल्या दिवसापासून निर्णयांची नोंदवही ठेवावी. स्टुडिओतील माणसाला कामाची यादी ठेवण्याची सवय असते : कोणता मायक्रोफोन, किती अंतर, कोणते प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर). ही यादी लागते, पण ती पुरत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयापाशी चार गोष्टी लिहाव्यात : काय साधायचे होते, कोणते पर्याय समोर होते, कोणता निवडला आणि का, आणि ऐकल्यावर काय झाले. उदाहरणार्थ : ‘टाळकऱ्याच्या कानाजवळ दोन छोटे मायक्रोफोन लावले. हेतू, त्याला जे ऐकू येते ते पकडणे. पर्याय, रांगेच्या मधोमध काठीवर स्टिरिओ जोडी. निवड पहिल्याची, कारण जोडी धरून चालणारा माणूस रांगेत वेगळा दिसतो आणि गाणारे त्याच्याकडे पाहू लागतात. परिणाम, स्वतःचे टाळ इतके मोठे आले की तिसऱ्या चरणाचे शब्द गेले. मृदंग मात्र अपेक्षेपेक्षा खरा वाटला.’ अशी पन्नासेक शब्दांची नोंद त्याच संध्याकाळी लिहिली तरच खरी उतरते; दोन वर्षांनी आठवणीतून लिहिली की ती निर्णयाची नोंद राहत नाही, त्याचे समर्थन होते, आणि अनुभवी परीक्षकाला हा फरक ओळखू येतो.

शेवटच्या ओळीतले ‘मृदंग अपेक्षेपेक्षा खरा वाटला’ यासारखे शब्द पुढे फार मोलाचे ठरतात. संशोधनाचा खरा धागा बहुधा अशा अनपेक्षित जागी सापडतो. महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी वाचाव्यात आणि त्यांत पुन्हा पुन्हा काय येते आहे ते वेगळ्या पानावर मांडावे.

फाइलींची शिस्तही त्याच दिवसापासून हवी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या मुद्रणदर्जावर एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे १ जीबी जागा घेतो, म्हणजे चोवीस ट्रॅकच्या एका तासाला सुमारे २५ जीबी लागतात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम पाळावा. प्रत्येक टप्प्यावर सगळे ट्रॅक प्रक्रियेसह साध्या वेव्ह फाइलींच्या रूपातही काढून ठेवावेत. माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत (म्हणजे मुद्रणाच्या सॉफ्टवेअर-फाइलींत) वापरलेले एक प्लगइन तिसऱ्या वर्षी बंद झाले आणि ती सत्रे पूर्वीसारखी उघडेनात. तुलनेसाठी हवे असलेले मूळ मिक्स मला जुन्या एमपीथ्रीवरून ऐकवावे लागले.

संमती आणि हक्क

माणसांबरोबर काम असले की विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मुद्रणापूर्वी घ्यावी लागते. मागाहून ती मिळत नाही. माहितीपत्रक आणि संमतिपत्र मराठीत तयार करावे. वाचता न येणाऱ्या सहभागींना ते वाचून दाखवून त्यांची तोंडी संमती मुद्रित करण्याची परवानगी समितीकडे आधीच मागावी. मुद्रण फक्त परीक्षकांसाठी आहे, खुल्या भांडारात जाणार आहे, की पुढे प्रकाशितही होणार आहे, असे तीन वेगळे पर्याय त्यात असावेत, आणि मुद्रणाची प्रत सहभागींना केव्हा मिळेल तेही लिहावे.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमाने गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचे हक्क दिले आहेत, म्हणून दिंडीप्रमुखाची एकट्याची सही पुरेशी समजू नये. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण ज्या चालीत तो गायला जातो ती एखाद्या आधुनिक संगीतकाराची असू शकते, आणि तिचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. पारंपरिक चाल म्हणून मुद्रित केलेली गोष्ट जुन्या ध्वनिफितीतली निघाली, तर प्रबंध खुल्या भांडारात ठेवताना अडचण येते.

काम करणे आणि तुलना करणे

एकच सामग्री घेऊन एकाहून अधिक मिक्स करणे ही या संशोधनातील सर्वांत फलदायी रीत आहे. दिंडीच्या सामग्रीतून तीन मिक्स करता येतील : टाळकऱ्याच्या जागेवरून, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याच्या जागेवरून, आणि बाजारातील रूढ पद्धतीने. तिन्ही ऐकवताना त्यांची ध्वनिपातळी मोजून सारखी करावी, कारण किंचित मोठा असलेला मिक्स मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो आणि एखाद्या डेसिबलचा फरकही निष्कर्ष बिघडवतो. ऐकणाऱ्यांना कोणता मिक्स कोणता हे सांगू नये. वारी केलेले आणि न केलेले असे दोन गट घेतले, तर ‘आत उभे असणे’ हे ध्वनीतून येते की ऐकणाऱ्याच्या आठवणीतून, याविषयी काही ठोस बोलता येते. इथे आकडेवारीची फार मांडामांड करू नये. आठ-दहा जणांशी नीट झालेले संभाषण या प्रश्नाला अधिक उजेड देते.

फसलेले मिक्स टाकून देऊ नयेत. परीक्षकांसमोर एक फसलेला आणि एक जमलेला प्रयत्न शेजारी ठेवून कारण सांगता आले, तर प्रबंधाचे वजन वाढते.

नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान नोंदणी पक्की करण्याची परीक्षा होते. दहा-एक हजार शब्दांचे लेखन, एक पूर्ण झालेले मुद्रण आणि पुढचे वेळापत्रक तयार असले की ती सहसा पार पडते.

लेखी भाष्य

भाष्य म्हणजे मुद्रणाची माहितीपुस्तिका नव्हे. मुद्रणात जे ऐकू येते त्याचे शब्दांत पुन्हा वर्णन करण्यात पाने घालवू नयेत. ‘मी’ असे लिहायला इथे हरकत नसते, कारण निर्णय घेणारी व्यक्ती हीच संशोधनाचे साधन आहे. पण ‘मला बरे वाटले’ याच्यापुढे जाऊन ते का वाटले आणि आधीच्या संशोधनाशी ते कसे जुळते किंवा विसंगत ठरते, हे सांगावे लागते. प्रत्येक दाव्याला ध्वनिउदाहरण आणि त्याची मिनिट-सेकंदांतील जागा जोडावी. मिक्स हेडफोनसाठी असेल तर तसे पहिल्या पानावर लिहावे. दिंडीच्या आतल्या जागेचे मिक्स लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकले गेले, तर सगळा युक्तिवाद कोसळेल. परीक्षकांनी कोणत्या प्रकरणाआधी काय ऐकायचे, हा क्रमही आपणच ठरवून द्यावा.

तोंडी परीक्षा आणि त्यानंतर

ब्रिटनमध्ये व्हायवा बहुधा बंद खोलीत, एक अंतर्गत आणि एक बाह्य परीक्षक यांच्यासमोर होते आणि दोन-तीन तास चालते. बाह्य परीक्षक निवडताना मार्गदर्शकाशी मोकळेपणे बोलावे : ज्याने स्वतः सर्जनाधारित प्रबंध तपासलेले आहेत अशी व्यक्ती असली, तर मुद्रणाला प्रबंधाचा भाग म्हणून ऐकले जाते. खोलीत ऐकण्याची चांगली सोय असेल याची खात्री आदल्या दिवशी स्वतः जाऊन करावी आणि सगळी उदाहरणे इंटरनेटवर न विसंबता जवळ ठेवावीत. दोन प्रश्न जवळजवळ नक्की येतात : हे मुद्रण नसते तर हा निष्कर्ष काढता आला असता का, आणि दुसरा निर्माता या निष्कर्षाचे काय करील? या दोहोंची उत्तरे मोठ्याने, घड्याळ लावून, तीन-तीन मिनिटांत बोलून पाहावीत.

किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या जाणे हा नेहमीचा निकाल आहे. त्यासाठी साधारण तीन महिने मिळतात, मोठ्या दुरुस्त्यांना सहा, आणि पुन्हा सादर करायचे झाल्यास एक वर्ष. दुरुस्त्या मंजूर झाल्यावर प्रबंध आणि मुद्रणे भांडारात जमा करावी लागतात. तेव्हा वेव्ह फाइली, संमतिपत्रातील पर्यायांनुसार खुला किंवा बंद प्रवेश आणि फाइलींची नावे भाष्यातील क्रमांकांशी जुळतात का, हे एकेक करून तपासावे. त्याच आठवड्यात, संमतिपत्रात कबूल केल्याप्रमाणे, मुद्रणाच्या प्रती दिंडीतील प्रत्येक सहभागीकडे पाठवाव्यात; ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यासाठी त्या फोनवर वाजतील अशा स्वरूपात द्याव्यात, आणि सोबत भाष्यातील निष्कर्षांचे दोन पानांचे मराठी टिपण जोडावे.